पहिल्याच राऊंडला बाहेर पडलो, आता या सीझनकडे कसं बघायचं?

बेसलाईन_रन:
मंडळी, मी जिथे मास्टर्स केलं त्या युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम काल मार्च मॅडनेसमधून, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या हरलं की बाहेर अशा स्पर्धेतून, पहिल्याच राऊंडला गेली. आम्ही तीन नंबर सीड (गटातलं मानांकन, एक सगळ्यात तगडी, सोळा सगळ्यात कमकुवत) आणि समोर चौदा. टीमचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण त्या पोरांना शिव्या घालायला इथेही लोक जमतील आणि मला तेच नकोय.

शेवटचं मिनिट डोक्यातून जात नाहीये. दोन पॉइंटने पुढे होतो, आमचा सिनियर गार्ड फाउल लाईनवर, वन-अँड-वन, म्हणजे पहिला गेला तरच दुसरा मिळणार, आणि बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून बाहेर. हुकलेला बॉल त्यांच्या हातात, पळत जाऊन कोपऱ्यातून थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट), संपलं. तो पोरगा नंतर जर्सी तोंडावर ओढून बेंचवर बसला होता आणि कॅमेरा काही त्याच्यावरून हटेना. फार जीव तुटला बघताना.

कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या कॉलेजांची लीग, जिंकलो होतो यार, घरच्या कोर्टवर तर कोणाला उभं राहू दिलं नव्हतं. आता माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सकाळपासून एकच चाललंय, कोचला हाकला, पोरांत दम नाही, चार महिने पाण्यात गेले. खरंच एका मॅचने सगळा सीझन फुकट जातो का? आणि कोचबद्दल बोलतायत त्यात तथ्य किती?

पिक_अँड_रोल:
फुकट अजिबात जात नाही. आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये, त्या फॉरमॅटमध्येच ते आहे. एनबीएच्या प्लेऑफमध्ये सातपैकी चार जिंकायच्या असतात, एखादी रात्र वाईट गेली तर परवा सुधारता येते. इथे ४० मिनिटं आणि साधारण ६५-७० पझेशन (बॉल ताब्यात येऊन हल्ला करायची पाळी), बास. त्यात समोरच्याचे तीन-चार थ्री जास्त गेले आणि तुमचे तेवढेच रिंगवर फिरून बाहेर आले की सीडमधला सगळा फरक तिथेच बुजला. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही.

२०१८ ची व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीची टीम आठवा. अख्ख्या स्पर्धेतली नंबर एक टीम, फक्त दोन मॅच हरून आलेली, आणि सोळा नंबरच्या यूएमबीसीने ७४-५४ ने उडवली. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाने एकला हरवायची ती पहिलीच वेळ (बायकांमध्ये हार्वर्डने १९९८ मध्येच स्टॅनफर्डला हरवलं होतं, ते कोणी सांगतच नाही). हाफटाईमला २१-२१ होतं. मग जी टीम पूर्ण मॅचमध्ये सरासरी ५३-५४ पॉइंट द्यायची तिने एका हाफमध्ये ५३ दिले. थ्रीमध्ये व्हर्जिनिया २२ पैकी ४, यूएमबीसी २४ पैकी १२. त्यात व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर. आणि व्हर्जिनिया खेळायचीच संथ, पझेशन कमी, म्हणजे सावरायला वेळच कमी.

पुढच्या वर्षी तोच कोच टोनी बेनेट, बरीचशी तीच पोरं, आणि २०१९ ची ट्रॉफी. सेमीफायनलला ऑबर्नविरुद्ध दोनने मागे, ०.६ सेकंद बाकी, व्हर्जिनियाचा काइल गाय फाउल लाईनवर आणि तिन्ही फ्री थ्रो आत, ६३-६२. तोही यूएमबीसीच्या मॅचला कोर्टवर होताच की. तेव्हा कोणी "यांच्यात दम नाही" म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं असतं तर?

झोन_टू_थ्री:
व्हर्जिनियाचं उदाहरण प्रत्येक वेळी येतं आणि मला ते अर्धवट वाटतं. पहिल्या राऊंडला हरून पुढच्या वर्षी ट्रॉफी उचलणाऱ्या टीम किती, आणि हरून नुसत्याच विसरल्या गेलेल्या किती? एका मॅचवरून निकाल लावू नका हे शंभर टक्के मान्य, पण म्हणून प्रश्नच विचारायचे नाहीत असं थोडीच आहे.

पर्ड्यू युनिव्हर्सिटीची टीम बघा. २०२१ ला चार सीड असून तेरा नंबरच्या नॉर्थ टेक्ससकडून हरले, २०२२ ला स्वीट सिक्स्टीनमध्ये (शेवटच्या सोळा टीम) पंधरा नंबरच्या सेंट पीटर्सकडून, आणि २०२३ ला तर स्वतः एक सीड असून सोळा नंबरच्या फेअरली डिकिन्सनकडून, ६३-५८. समोरची देशातली सगळ्यात बुटकी टीम आणि यांच्याकडे सव्वासात फुटांहून उंच झॅक ईडी. त्या मॅचला थ्री २६ पैकी ५, ते नशीब म्हणू. पण छोटे चपळ गार्ड अंगावर आले की यांच्या गार्डचा बॉल सुटायचा, हे नशीब नव्हतं. ते दिसत होतं.

मग काय केलं? कोच मॅट पेंटरला काढलं नाही. तरुण गार्ड एका वर्षाने पक्के झाले, सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्ससारखा अनुभवी गार्ड आणला, ईडी परत आला. २०२४ ला थेट फायनल, १९८० नंतरची त्यांची पहिली फायनल फोर (सेमीफायनलच्या चार टीम). फायनल हरले यूकॉनकडून ७५-६०, तरी तो सीझन त्यांचे लोक आयुष्यभर सांगतील.

म्हणून बेसलाईन, तुमच्या ग्रुपवर ओरडणाऱ्यांना एकच विचारा: काल जे झालं ते जानेवारी-फेब्रुवारीतही दिसत होतं का? प्रेस (समोरचे पूर्ण कोर्टभर अंगावर येतात तो डिफेन्स) आला की गडबड, शेवटच्या पाच मिनिटांत सगळं एकाच पोरावर, असं काही? दिसत असेल तर कोचला विचारायलाच हवं. नसेल तर ती एका रात्रीची गोष्ट आहे.

साईडलाईन_आई:
मला आकडे कळत नाहीत तुमच्यासारखे, पण माझा मुलगा डिव्हिजन थ्रीला (कॉलेज खेळांचा तिसरा स्तर) खेळतो म्हणून लिहावंसं वाटलं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिपसुद्धा नसते, पोरं पहाटे वेट रूममध्ये, मग क्लास, मग प्रॅक्टिस आणि रात्री बसमध्ये असाइनमेंट. मॅच हरून आला की तो घरी फोन करतो आणि काहीच बोलत नाही, मी पण बोलत नाही, नुसती लाईन चालू ठेवते.

तुमच्या त्या सिनियरचं वाचून पोटात कालवलं. त्याची ही शेवटची मॅच असेल ना? त्याच्या अकाउंटवर आत्ता काय काय येत असेल विचार करा. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांना बेटिंगची वाट मोकळी करून दिल्यापासून तर हरलेल्या पैशाचा राग लोक सरळ पोरांच्या इनबॉक्समध्ये काढतात, धमक्यासुद्धा देतात. हल्ली स्वतःचं नाव-चेहरा जाहिरातींत वापरू देण्याचे पैसे मिळतात त्यांना, मग ऐकून घ्या, असंही म्हणतात. पैसे मिळाले म्हणून काय झालं, वीस-बावीसची पोरं आहेत ती. कोचच्या डावपेचांवर खुशाल भांडा, त्याचं कामच आहे ते. त्या मुलाला मात्र सोडा, आणि जमलं तर दोन चांगल्या ओळी पाठवा.

बेसलाईन_रन:
ताई, पाठवल्या. त्याने चार वर्षं काय काय दिलं ते लिहिलं, कालच्या मॅचचा विषयच काढला नाही.

झोन, तुमच्या प्रश्नावर विचार करतोय. प्रेसला आम्ही कधीच घाबरलो नाही, पण लीड असताना खेळ एकदम थंड करायची सवय जानेवारीपासून होती. घड्याळ खात बसायचं आणि शेवटच्या पाच सेकंदात कसातरी शॉट. समोरच्यांच्या कोर्टवरच्या दोन मॅच त्याच्यामुळेच हातातून गेले होते, काल परत तेच.

झोन_टू_थ्री:
मग ग्रुपवर हेच लिहा, याच शब्दांत. "कोचला हाकला" पेक्षा हे कितीतरी कामाचं आहे.

पिक_अँड_रोल:
आणि केनपॉमवर (कॉलेज बास्केटबॉलच्या आकड्यांची वेबसाईट) जाऊन टीमची ऑफेन्स-डिफेन्स रेटिंग बघा, दर १०० पझेशनला किती पॉइंट केले आणि किती दिले, तेही समोरची टीम किती तगडी होती ते धरून. अख्ख्या सीझनचं आहे, कालची मॅच त्यात एकच. ट्रान्स्फर पोर्टलच्या (खेळाडू जिथे कॉलेज बदलायला नाव नोंदवतात) अफवा मात्र आठ दिवस तरी वाचू नका, आत्ता प्रत्येकजण टीम सोडून चाललाय असंच वाटेल. तुमचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा, कितव्या वर्षाला आहे, ज्युनियर (तिसरं वर्ष) ना?

बेसलाईन_रन:
सोफोमोर, दुसऱ्या वर्षाला. आणि काल सगळ्यात शांत तोच खेळला.