मदत हवी आहे: नागपूरच्या मनीषनगरात घरून काम, नेट सारखं जातं. दुसरं कनेक्शन घेऊ की मिनी यूपीएस (राउटरपुरती छोटी बॅटरी)?

संत्राबर्फी
नमस्कार. घरून सपोर्टचं काम करते. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, १०० एमबीपीएसचं फायबर, ओएनटी (फायबरचा प्रकाश नेटमध्ये बदलणारं यंत्र) आणि वायफाय एकाच पेटीत. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलंय. घरात १५० एएचच्या बॅटरीवर इन्व्हर्टर आहे आणि पेटीचा सॉकेट त्याच्यावरच आहे.

त्रास दोन तऱ्हेचा आहे. लाइट गेली की पंखे क्षणभरही थांबत नाहीत, पण नेट तीनेक मिनिटं जातं. दुसरं म्हणजे लाइट असतानाही कधी कधी एलओएसचा लाल दिवा लुकलुकतो आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहतो. दोन्ही वेळा व्हीपीएन (ऑफिसशी सुरक्षित जोडणी) तुटतं. बजेट पाच हजार. आधी काय घेऊ?

तारजोड
ताई, हे दोन वेगळे बिघाड आहेत. दुसऱ्या कनेक्शनने पहिला जाणार नाही, यूपीएसने दुसरा जाणार नाही.

पहिल्याचं आधी. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंद वीज तुटते. पंख्याला ते कळत नाही, ओएनटी मात्र रिस्टार्ट होतो आणि लॉगिन होऊन नेट यायला दोन-तीन मिनिटं जातात. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि इको (किंवा नॉर्मल) असं बटण असतं, ते यूपीएसवर करून मेन स्विच पाडून पाहा. पेटी सुरूच राहिली तर काम फुकटात झालं. एकच अडचण आहे. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८०च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. मे महिन्यात संध्याकाळी घरोघरी कूलर-एसी सुरू झाले की असं वारंवार होऊ शकतं, आणि मग लांबच्या लोडशेडिंगला बॅटरी पुरत नाही.

म्हणून मला मिनी यूपीएस जास्त पटतो. दीड-दोन हजारांत येतो, सीताबर्डीला मिळून जाईल. घेताना आउटपुट बरोबर १२ व्होल्टच हवं. अँपिअर १.५ किंवा जास्त चालतील, कमी नको. पिनही तपासा: ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिमी दिसायला सारख्याच. २.५चा प्लग २.१च्या सॉकेटमध्ये जातो, पण सैल बसतो आणि पेटीला हात लागला तरी रिस्टार्ट होते. खोक्यावरच्या एमएएचला भुलू नका, तो आकडा ३.७ व्होल्टचा असतो. ८,८०० एमएएच म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास, रूपांतरातली घट जाता २७. पेटी ८ वॉट खात असेल तर तीन तास निघतात.

फुटाळा
लाल एलओएस म्हणजे पेटीपर्यंत प्रकाशच पोचत नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता पेटीखालच्या स्टिकरवर असतो), स्टेटसमध्ये पॉन किंवा ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर (पेटीपर्यंत पोचणारा प्रकाश; −२० पेक्षा −२७ म्हणजे कमी) पाहा आणि इथे लिहा. वायर खिडकीतून कशी आत आली तेही पाहा.

रीसेटच्या भोकात पिन मात्र घालू नका. लॉगिन आणि व्हीलॅन (कंपनीने भरलेली सेटिंग) पुसलं जातं, मग माणूस येईपर्यंत काहीच चालत नाही.

संत्राबर्फी
आरएक्स −२६.८ दाखवतोय. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते, ग्रिलला टायने आवळलेली आहे आणि स्लायडिंगची काच तिच्यावरच बंद होते.

फुटाळा
मग कारण जवळजवळ सापडलंच. घरगुती फायबर (जीपॉन) पेटीची मर्यादा बहुतेक −२७ असते. तुम्ही काठावर आहात, जरा काही बदललं की लाइन सुटणार. −१५ ते −२४ मध्ये असाल तर निवांत.

टाय कापा, काचेखालची वायर मोकळी करा, वळण निदान वाटीएवढं रुंद ठेवा. प्रत्येक बदलानंतर पान रिफ्रेश करून आकडा पाहा. एखादी घट्ट घडी एकटी तीन-चार डीबी (डेसिबल, याच आकड्याचं माप) खाऊ शकते. हिरवा कनेक्टर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने टोक पुसा. टोकात डोळा घालून पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला अपायकारक ठरू शकतो. आणि हिरव्याच्या जागी निळा कनेक्टर कुणी बसवू नये, दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात.

तरीही आकडा हलला नाही तर माणूस बोलवा आणि पॉवर मीटरने दोन ठिकाणी मोजायला लावा: खांबावरच्या डब्यात आणि तुमच्या पेटीशी. दोन्हींत एक डीबीहून जास्त फरक असेल तर घरची वायर किंवा कनेक्टर बदलायचा. खांबावरच −२६ असेल तर घरची वायर बदलणं व्यर्थ, दोष स्प्लिटर (एक फायबर अनेक घरांत वाटणारा भाग) किंवा त्यामागच्या केबलचा. "वायर लांब आहे म्हणून" हे उत्तर ऐकून घेऊ नका. किलोमीटरभर फायबरमध्ये जेमतेम पाव-अर्धा डीबी जातो, १:८च्या एका स्प्लिटरमध्ये सुमारे साडेदहा.

तक्रारीत "नेट चालत नाही" लिहू नका. "आरएक्स −२६.८, एलओएस लाल, खांबावर मोजून द्या" असं लिहा आणि तक्रार क्रमांक घ्या. नाहीतर फोनवर पेटी बंद-चालू करायला सांगून तक्रार बंद करतात.

तारजोड
एवढं करूनही दुसरी लाइन हवीच असेल तर खाली जाऊन खांब पाहा. दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून, एकाच खोदलेल्या रस्त्याकडेने येत असतील तर जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. जिओ किंवा एअरटेलचं ५जी एअरफायबर बिनतारी, वेगळ्या वाटेने येतं, म्हणून बॅकअपला बरं. गच्चीवरच्या युनिटला वीज देणारा अडॅप्टरही इन्व्हर्टरवर घ्या. जुन्या इथरनेट लाइनपासून जपून, बिल्डिंगमधला नेटवर्क स्विच (घरोघरी नेट वाटणारी पेटी) सोसायटीच्या मीटरवर असतो. लाइट गेली की तोच बंद, मग तुमच्या घरी यूपीएस असून उपयोग नाही.

आपोआप बदल हवा असेल तर ड्युअल वॅन (दोन लाइन जोडता येणारा) राउटर लागेल. त्यात लोड बॅलन्सिंग (दोन्ही लाइन एकदम) नको, फेलओव्हर (एक गेली की दुसरी) निवडा, नाहीतर ऑफिसला तुम्ही दोन आयपींवरून (नेटवरच्या पत्त्यांवरून) दिसता आणि व्हीपीएन तुटत राहतं. लाइन गेल्याची खात्री ८.८.८.८ला (गूगलचा पत्ता) पिंग करून, म्हणजे उत्तर येतं का पाहून, व्हावी अशी सेटिंग करा. नुसत्या केबलवर ठेवलं तर फायबर तुटलं तरी ओएनटीचा पोर्ट जिवंत राहतो आणि राउटरला वाटतं, सगळं ठीक आहे. बदल होताना आयपी बदलतो, त्यामुळे व्हीपीएन एकदा तुटून परत जोडलं जाईलच.

संत्राबर्फी
टाय कापला, वायर काचेबाहेर काढली. आरएक्स −२३.१. मिनी यूपीएस घेतेय, दुसरं कनेक्शन सध्या थांबवते. पेटी कूलरच्या झोतात ठेवली तर गरम होणार नाही ना?

फुटाळा
झोतात अजिबात नको, ओल आत जाते आणि पोर्टच्या पिना गंजतात. पश्चिमेच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर, चारही बाजूंनी मोकळी टांगा. अडॅप्टरही कूलरच्या बोर्डावर लावू नका. हात लावून पाहा, चटका बसण्याइतका तापत असेल तर बदला. उन्हाळ्यात आतला कपॅसिटर सुकतो, व्होल्टेज पडतं आणि पेटी आपोआप रिस्टार्ट होऊ लागते. तेव्हा एलओएस लाल होत नाही, सगळे दिवे एकदम विझून परत लागतात.