मदत हवी आहे: संत्र्याच्या आळ्यात मेलेल्या उंदरासारखा वास मारणारी नारिंगी बुरशी (नागपूर)

नमस्कार मंडळी. तीन दिवसांपासून अंगणात मेलेल्या उंदराचा वास येत होता. नाली पाहिली, कुंड्या हलवल्या, जिन्याखालचं सामान उपसलं, काही सापडलं नाही. आज सकाळी संत्र्याच्या कलमाजवळ माशा घोंघावताना दिसल्या, तेव्हा कळलं.

आळ्यात वीतभर उंच, नारिंगी-लाल दांडा उभा होता. आतून पोकळ, स्पंजासारखा. टोकाच्या टोपीवर काळपट-शेवाळी चिकट लेप, माशा नेमक्या त्यावर. बुडाशी फाटकी पांढरी पिशवी. काल संध्याकाळी तिथे आवळ्याएवढी पांढरी गोळी होती, एवढंच! दुपारी दांडा लोळलाही. शेजारी अजून चार गोळ्या आहेत. एक चिरली, तर आत जेली आणि मधोमध दबून बसलेला दांडा.

मे महिन्यात आळ्यात आरामशिनीतला भुसा टाकला होता. आपल्याकडच्या सात्या (खायच्या रानअळंब्या) मी लहानपणापासून ओळखतो, ही त्यातली नाही. कलमाला रोग लागलाय का? माझी दोन वर्षांची मुलगी तिथेच मातीत खेळते, जीव धास्तावलाय.

प्रतिसाद: दादा, वर्णनावरून ही फॅलस रुबिकुंडस वाटते. भुशावर, कुजक्या लाकडावर जगते, जिवंत मुळांना धरत नाही, त्यामुळे कलम सुखरूप आहे. लेपात बीजाणू असतात. माशा वासाला भुलून तो खातात आणि बीजाणू दूरवर पसरवतात. दांडा गोळीत आधीच तयार असतो, काही तासांत ताणून उभा राहतो. टोपीखालून पांढरी जाळी लोंबत होती का? तशी फॅलस इंडुसिएटस असते, चीनमध्ये ती वाळवून खातात. तुमच्याकडची मात्र कोणी तोंडात घालू नये. मुलीसाठी गोळ्या फुटायच्या आत खुरपीने उकरून पिशवीत बांधून टाका. हात लागला तर साबणाने धुवा.

धागाकर्ता: जाळी नव्हती, ताई. उरलेल्या गोळ्या आत्ताच काढल्या. खूप आभार, आज झोप लागेल. भुसा राहू द्यावा का?

प्रतिसाद: मातीत मिसळला असेल तर कुजताना नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. वरचा थर काढून आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत द्या. काढलेला भुसा कंपोस्टात चालेल, पण तिथेही ही उगवू शकते. ढीग खिडकीपासून लांब करा.