विषय: बेळगावच्या वडगावात रस्ता वर, घरं खाली

मंडळी नमस्कार,
तीन आठवडे गावी राहून परवाच शारजाला परत आलोय. 2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा आपणच इथं कुंदा वाटला होता, आठवतंय ना. आता आमच्या दारात काय झालंय ते बघा की. पूर्वी रस्त्यावरून घरात यायला दोन पायऱ्या चढायच्या, खालच्या पायरीवर बसून आजी तांदूळ निवडायची. जुनं डांबर न उकरता वरनंच काँक्रीट ओतलं, पायऱ्या गेल्या, आता घरात जायला चार बोटं खाली उतरायचं. पहिल्याच वळवाला पाणी उंबऱ्याच्या आत. आईनं पोत्यात वाळू भरून दारात आडवी टाकलीय, येणारा पावणा आधी पोतं ओलांडतो मग चप्पल काढतो. ठेकेदार कोण ते इथं नको, पण आपल्या मंडळातर्फे पालिका आयुक्तांना एक पत्र जाऊदे.

---

अरे पत्र पाठवा, नको कोण म्हणतंय. पण नुसता रस्ता उंच झाला म्हणून लिहिलात तर गटार काढून देतो म्हणतील आणि विषय संपला. गटारीतलं पाणी पुढं जाणार कुठं? वडगाव-शहापूरचं पाणी बळ्ळारी नाल्याला, आणि नाला गाळानं भरलेला, पाऊस लागला की तोच शिवारात शिरतोय, लावलेलं भात कुजतंय, परत लावणी. तुम्ही तिकडं बेळगाव बासमती बेळगाव बासमती करता ती ह्याच शिवारातली ओ. त्यात हलगा-मच्छे बायपास. पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी रस्त्यावर आले, कोर्टात गेले, मला तर भरावाचीच जास्त भीती, पाणी तटलं की मागं गल्लीतच येणार. पालिकेत 58 वॉर्ड, ज्याला त्याला आपल्या गल्लीचा रस्ता पाहिजे, नाला मागणारा एक दिसत नाही.
(एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की 5 टक्के सूट असते, तिकडं बसून विसरू नका.)

---

काकांचं पटलं, नाल्याचंच पहिलं लिहूया. फक्त पत्र कन्नडमधून पण जाऊदे, भाषेचं निमित्त करून फाईल बाजूला पडायला नको.

---

ताई, सभेचे कागद मराठीत द्या म्हणून आपले नगरसेवक किती वर्षं भांडतायत आणि आपणच कन्नडमध्ये लिहायचं काय?

---

मराठी वर, कन्नड खाली, दोन्ही एकाच कागदावर. वाचायचंय त्यानं वाचूदे, आधी पाणी जाऊदे.

---

बरं, तसंच करू. काका, नाल्याचा फोटो तुम्ही काढा, पुलावरनंच काढा, खाली उतरू नका. उंबऱ्याचा आई काढून पाठवते, उंची दिसायला फूटपट्टी धर म्हटलं तर म्हणते फूटपट्टी कुठली आता घरात, लाटणं धरते.