गेटच्या ॲपचा डेटा कोणी भरायचा?

जोशी, बी-३०२: सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. काल रात्री माझी बहीण वीस मिनिटे गेटवर उभी होती, कारण माझा दिवसाचा दीड जीबी डेटा संपला होता आणि गेटच्या ॲपमध्ये पाहुण्याला आत सोडण्याच्या परवानगीचे बटण उमटेपर्यंत पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले. सेटिंगमध्ये पाहिले, तर या महिन्यात एकट्या गेटच्या ॲपने ९०० एमबी खाल्ले आहेत. साड्यांच्या आणि फ्लॅटच्या जाहिरातींच्या व्हिडिओंत नाही, तर मग हा डेटा गेला कशात? हा खर्च ॲपवाल्यांनीच भरला पाहिजे.

पाटील, ए-१०१: गेटवरचा रामदीन हेच ॲप स्वतःच्या फोनवर दिवसभर चालवतो. त्याचा डेटा कोण भरतो?

कुलकर्णी (सचिव): जोशी वहिनी, ॲपचा ठराव सर्वसाधारण सभेत रीतसर मंजूर झाला आहे. त्या सभेला कोण गैरहजर होते, हे मी येथे लिहीत नाही.

देसाई, सी-६०४: याच न्यायाने लिफ्टचे वीजबिल लिफ्टच्या कंपनीला पाठवावे, अशी माझी सूचना आहे. 😀

जोशी, बी-३०२: देसाई साहेब, लिफ्ट मला दोन मजल्यांच्या मध्ये थांबवून जाहिरात दाखवत नाही.

अनिकेत, बी-७०१: मी ॲपच बनवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १८०० च्या टोल-फ्री क्रमांकाचे पैसे जसे कंपनी भरते, तसे डेटाचेही भरावेत, हा विचार २०१५ मध्ये ‘एअरटेल झीरो’ योजनेने मांडला होता, पण मोठ्या कंपन्या पैसे भरून आपले ॲप फुकट करतील आणि लहान ॲप कोणी उघडणारही नाही, या भीतीने लाखो लोकांनी विरोध केला, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने ॲपनुसार वेगळे दर लावण्यास दूरसंचार कंपन्यांना मनाई केली. निवडक संकेतस्थळे फुकट देणारे फेसबुकचे ‘फ्री बेसिक्स’ त्यातच बंद झाले. आम्हा चौघांच्या कंपनीला ग्राहकांचा डेटा भरावा लागला, तर पहिल्याच महिन्यात कुलूप लावावे लागेल.

जोशी, बी-३०२: इतिहास समजला, आभारी आहे. पण तुमचे ॲप मी हवे तर उतरवते, नको तर काढून टाकते. गेटचे ॲप काढले, तर पाहुणे बाहेर राहतात. सक्ती असेल तेथे किमान जाहिराती तरी नसाव्यात.

अनिकेत, बी-७०१: एवढे मात्र मान्य आहे. करारातच जाहिराती बंद करून घ्यायला हव्या होत्या.

कुलकर्णी (सचिव): जाहिराती बंद केल्यास कंपनी प्रति सदनिका वेगळे शुल्क घेते. तेव्हा हेच सदस्य देखभाल खर्च वाढला म्हणून लिहितील.

पाटील, ए-१०१: मी पुन्हा नम्रपणे विचारतो, रामदीनचा डेटा कोण भरतो?

देसाई, सी-६०४: त्यापेक्षा इंटरकॉम दुरुस्त करा. तो गणपतीपासून बंद आहे.

कुलकर्णी (सचिव): इंटरकॉमचा विषय येथे आणू नये, ही विनंती.

पाटील, ए-१०१: रामदीनचा डेटा कोण भरतो?

कुलकर्णी (सचिव): पाटील साहेब, आत्ताच खाली जाऊन विचारून आलो. रिचार्ज तो स्वतःच्या पगारातून करतो.

पाटील, ए-१०१: किती महिन्यांपासून, हेही विचारले का?