इंजिनाचे भाग घरी धुताना: तुमची रीत काय?

मोटरसायकल असो, पाण्याचा पंप असो की जनरेटर, उघडलं की पहिली गाठ पडते ती काळ्या किटणाशी. तेल, धूळ आणि उष्णता मिळून जो थर बसतो तो साध्या साबणाला दाद देत नाही. प्रत्येकाची आपापली रीत असते आणि 'हेच वापरा' म्हणणारेही पुष्कळ भेटतात. माझं मत विचाराल तर कशाने धुतलं यापेक्षा कोणत्या भागाला काय लागू दिलं नाही, हे जास्त बघावं. तुमचे अनुभव लिहा, सुरुवात मी करतो.

मी आधी कोरडंच काम करतो. जाड थर लाकडी पट्टीने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून टाकायचा. थरासकट भाग बुडवला की रॉकेलचा नुसता चिखल होतो. मग पसरट ट्रे, रॉकेल आणि केस आखूड कापलेला रंगाचा ब्रश. आखूड केसांना जोर येतो, लांब केस नुसते लोळतात. रात्रभर भिजलं तर सकाळी घासायला फारसं उरत नाही. वापरलेलं रॉकेल बरणीत झाकून ठेवलं की गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ रॉकेल पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला चालतं, शेवटचा हात मात्र ताज्याचा. तळाचा गाळ मोरीत नाही, जुन्या ऑइलच्या कॅनमध्ये. तो कॅन भरला की जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे जातो.

पाना बारा-तेरा
पेट्रोलने झटक्यात निघतं, एवढी वाट कशाला बघायची?

धागाकर्ता
निघतं, पण पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते. रॉकेलला त्यासाठी ३८ अंशांच्या वर जावं लागतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि पलीकडच्या खोलीत गीझरची ज्योत असेल तर तिथून आग उलटी येते. बंद जागेत पेट्रोल नाहीच. आणि रॉकेल पेटत नाही असंही कुणी समजू नये.

जेटवाली
माझा सगळा जीव कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात. स्प्रे मारायच्या आधी रबराचं आणि प्लास्टिकचं जे जे आहे ते बाहेर काढते: ओ-रिंग, डायफ्रॅम, फ्लोट. कार्ब क्लीनरने ओ-रिंग फुगते आणि मग खाचेत बसता बसत नाही. जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, पितळेचे असतात, म्हणजे मऊ. त्यात पोलादी तार घातली की भोक मोठं होतं आणि पेट्रोलचं प्रमाण बिघडतं ते कायमचं. मी जेट भिजवून हवेचा झोत मारते, मग उजेडाकडे धरून बघते. भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे. चंद्रकोर दिसली तर आत अजून वार्निशसारखा पिवळा थर आहे, परत भिजत. झोत मारताना चष्मा लावाच, क्लीनर दुसऱ्याच भोकातून थेट डोळ्यात येतो.

अल्ट्रासॉनिक मशीनबद्दल, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या टाकीबद्दल, कुणी विचारेलच. साधारण ४० किलोहर्ट्झची घरगुती मशीन बारीक वाटांमध्ये खरंच छान काम करते. त्यात गरम पाणी आणि त्यासाठीचं साबणाचं द्रावण घालायचं, पेट्रोल किंवा थिनर कधीच नाही.

भंगारातला राजा
कॉस्टिक सोडा आणि ओव्हन क्लीनर ॲल्युमिनियमपासून लांब ठेवा. जुने भाग विकत घेतो तेव्हा असं धुतलेलं हेड (सिलिंडरचं झाकण) लगेच ओळखू येतं: काळपट, खरबरीत, धारा बोथट झालेल्या. कॉस्टिकमध्ये टाकल्या टाकल्या बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, म्हणजे मळ नव्हे, धातूच विरघळतोय. नुसत्या लोखंडी भागाला कॉस्टिक चालतं, तेही हातमोजे घालून.

मोकळी चेन
ब्रेकचे भाग या रॉकेलच्या ट्रेमध्ये टाकू नका. नेहमीच्या ब्रेक ऑइलवर चालणारी रबरी सील रॉकेल-डिझेलने फुगतात. सिलिंडर आणि सील ताज्या ब्रेक ऑइलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणखी एक: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात. ते मारलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो, आणि तो जीवघेणा आहे. डब्यावरचं बारीक अक्षर वाचा.

हेड-गॅस्केट
पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन भिजवून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा. पिस्टनच्या रिंगच्या खाचेसाठी जुनी मोडलेली रिंग हेच सगळ्यात चांगलं हत्यार, फक्त खाच रुंद होईल इतका जोर नको. गॅस्केट (दोन भागांमधलं सील) बसतं तो पृष्ठभाग साफ करायला ड्रिलवर लावायच्या घासण्या मिळतात, त्या मी जोडलेल्या इंजिनावर वापरत नाही. त्यांची ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते. काम चकचकीत दिसतं, इंजिन मात्र नंतर रडतं.

थंड इंजिन
न उघडता बाहेरून धुणारे आमच्यासारखेही आहेत. इंजिन गार असावं, तापलेल्यावर डिग्रीझर (तेलकट मळ काढणारं द्रावण) मळ भिजवायच्या आधीच सुकतो. एअर इनटेक आणि वायरींचे कनेक्टर पॉलिथिनने बांधा. प्रेशर वॉशर सीलवर आणि बेअरिंगवर रोखू नका, पाणी आत शिरतं. उघडं लोखंड धुतलं की लगेच सुकवून तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात तांबूस गंज दिसायला लागतो.

पाना बारा-तेरा
बरं, पेट्रोल बंद. हातमोजे कोणते? आणि फोमचा एअर फिल्टर रॉकेलमध्येच टाकू का?

जेटवाली
नायट्राइलचे. साधे रबरी तेलाने फुगून फाटतात, आणि जुनं ऑइल कातडीला रोज लागणं बरं नाही. फोम भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात दाबून दाबून धुवा, पिळू नका, फाटतो. पेट्रोल-थिनरने त्याच्या जोडाचा गोंद सुटतो. पूर्ण वाळला की फिल्टर ऑइल लावून पुन्हा दाबा. सगळीकडे सारखा ओलसर रंग आला की पुरे, तेल ठिबकत असेल तर जास्त झालंय.