मदत हवी आहे: नौदल प्रबोधिनीत जाण्यापूर्वी मुलीची तयारी कशी करून घ्यावी?

नमस्कार. बारावीनंतरच्या बी.टेक. प्रवेश योजनेतून माझ्या मुलीची भारतीय नौदल प्रबोधिनीसाठी निवड झाली आहे. जेईई मेनचा गुणानुक्रम, निवड मंडळापुढील पाच दिवसांच्या चाचण्या आणि वैद्यकीय तपासणी हे सर्व टप्पे पार पडले असून केरळमधील एझिमला येथे रुजू होण्यास आता साधारण अडीच महिने उरले आहेत. आमच्या घरातून यापूर्वी कोणीही सैन्यदलात गेलेले नाही, त्यामुळे ज्यांनी हे प्रशिक्षण स्वतः घेतले आहे किंवा दिले आहे अशांच्या मार्गदर्शनाची मला गरज आहे.

चार वर्षांत आठ सत्रांचे अभियांत्रिकी शिक्षण, त्याची जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी, प्रशिक्षणाचा खर्च नौदलाकडे, ही माहिती मला मिळाली आहे. माझी चिंता त्यापलीकडची आहे. मुलीला पोहता येत नाही. धावण्याचा सरावही तिने निवडीच्या तयारीपुरताच केला होता. त्याहून अधिक काळजी वाटते ती तिच्या स्वभावाची. ती अतिशय मेहनती आहे, परंतु चार जणांकडून काम करून घ्यायची वेळ आली की कोणाला काही सांगण्याऐवजी सगळे काम स्वतःच करून मोकळी होते. अधिकारी होण्यासाठी लागणारे नेतृत्व तेथे प्रत्यक्षात कसे शिकवले जाते, आणि या अडीच महिन्यांत आम्ही कशावर भर द्यावा, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (निवृत्त नौदल अधिकारी):

ताई, प्रथम मुलीचे आणि आपले मनःपूर्वक अभिनंदन. माझे प्रशिक्षण गोव्यात आयएनएस मांडवी येथे झाले, कारण एझिमला येथील प्रबोधिनीचे उद्घाटन 2009 मध्ये झाले. जागा बदलली असली तरी शिकवण्याची मूळ रीत तीच राहिली आहे.

पोहता न येणारी मुले-मुली दरवर्षी येतात आणि त्यांना शिकवले जाते. पोहण्याच्या चाचणीतून मात्र कोणाचीही सुटका नसते. म्हणून उद्यापासूनच तलावावर जायला सुरुवात करावी. वेगाच्या मागे न लागता पाण्यावर तरंगणे, श्वास सोडणे आणि खोल पाण्याची भीती घालवणे एवढे साधले तरी तिचे पहिले सत्र पुष्कळ सोपे होईल. धावण्याच्या बाबतीत एक कळकळीची सूचना करतो. घाईघाईने अंतर वाढवू नये. सवय नसताना एकदम भार पडला की नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात, आणि नव्याने दाखल झालेल्या मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक आढळते. दर आठवड्याला थोडे थोडे अंतर वाढवावे, रक्तातील लोहाचे प्रमाण आताच तपासून घ्यावे आणि नडगी दुखू लागली तर ते लपवू नये, हे तिला नीट समजावून सांगा. दुखणे लपवल्यामुळे पुढे महिनोन्‌महिने मागे पडलेले छात्र मी पाहिले आहेत. अभ्यासात किंवा शारीरिक चाचण्यांत फार मागे पडलेल्या छात्राला एक सत्र मागे ठेवले जाते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. नेतृत्वावर व्याख्याने होतात, परंतु ते खऱ्या अर्थाने शिकायला मिळते ते नावेत. एट्टिकुलमच्या किनाऱ्यावर प्रबोधिनीचे मरक्कार जलकौशल्य प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे छात्र व्हेलर ही लांब नाव वल्हवायला शिकतात. वल्ही मारणाऱ्यांची पाठ नावेच्या पुढच्या टोकाकडे असते, त्यामुळे आपण कोठे चाललो आहोत हे त्यांना दिसत नाही. ते दिसते फक्त सुकाण्यावर बसलेल्या कॉक्सनला, आणि त्याच्या हातात वल्हे नसते. आपल्या मुलीसारखी मेहनती मुलगी त्या जागी बसली की दुसऱ्याचे काम स्वतः करून टाकण्याची सोयच उरत नाही. तिला स्पष्ट आवाजात आणि योग्य क्षणी आदेश द्यावाच लागतो, कारण तो उशिरा दिला तर नाव धक्क्यावर आपटते. माझ्या मते तिच्या स्वभावाला याहून चांगला गुरू मिळणार नाही.

एझिमला सोडल्यावर कोची येथील पहिल्या प्रशिक्षण ताफ्याच्या जहाजांवर समुद्रातील प्रशिक्षण होते. त्यात आयएनएस तीर आहे, तसेच तरंगिणी आणि सुदर्शिनी ही शिडाची जहाजे आहेत. शीड एकट्याने चढत नाही, एवढे सांगितले तरी तेथील दिवस कसे असतात ते आपल्या लक्षात येईल. पुढे तिला कार्यकारी शाखा, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांची शाखा, मिळाली तर जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जेथून जहाज चालवले जाते त्या कक्षात, रात्रीची पाळी सांभाळायला शिकावे लागेल. अंधारात समोरचे जहाज दिसत नाही, दिसतात ते त्याचे दिवे. उजवीकडून आपला मार्ग ओलांडणाऱ्या जहाजाचा लाल दिवा दिसला, तर 1972 च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांनुसार दोन्ही यंत्रचलित जहाजांपैकी वाट आपण सोडायची असते. अशा वेळी किती वळायचे आणि कधी वळायचे याचा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो. अकरावीच्या भौतिकशास्त्रातील सापेक्ष वेगाचे प्रकरण येथे अक्षरशः उपयोगी पडते, त्यामुळे ती पुस्तके रद्दीत देऊ नका. पाळीची जबाबदारी एकटीवर सोपवण्याचे प्रमाणपत्र जहाजाच्या कप्तानाची पूर्ण खात्री पटल्यावरच मिळते. तोपर्यंत शेजारी अनुभवी अधिकारी उभा असतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:

सर, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. आपला प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. कॉक्सनचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला आणि बराच वेळ काही बोलली नाही. पोहण्याच्या वर्गात आजच नाव नोंदवले असून रक्ततपासणी उद्या करून घेत आहोत. माझी भाचरे आणि त्यांचे मित्र मिळून सहा मुले क्रिकेटचा संघ करू पाहत आहेत, त्यांचा सराव घेण्याचे काम तिने आपण होऊन मागून घेतले आहे.

एकच शंका उरली आहे. पहिल्या सत्रात मुलीचा फोन क्वचितच येईल, असे आम्ही ऐकले आहे. त्या काळात तिला पत्रे पाठवत राहिलो तर आधार वाटेल, की घरची ओढ वाढून त्रास होईल?

प्रतिसाद (निवृत्त नौदल अधिकारी):

पत्रे अवश्य पाठवा, ताई. घरातील साध्या घडामोडी लिहा, आणि "जमत नसेल तर परत ये" हे वाक्य तेवढे लिहू नका. दीक्षान्त संचलनानंतर खांद्यावरच्या पट्ट्या उलगडण्याचा मान आईवडिलांना असतो. त्या दिवशी एझिमलाला जाण्यासाठी तिकिटे मात्र वेळेत काढून ठेवा.