अल्फा नायक आणि नान्नजचे लांडगे
माणसांचे लांडगे होतात अशा या प्रेमकादंबरीबद्दल वर कुणीतरी लिहिलंय की नायक सगळ्यांवर गुरगुरतो ते बरोबरच, लांडग्यांच्या कळपात ‘अल्फा’, म्हणजे सगळ्यांवर हुकूम गाजवणारा म्होरक्या, असतोच. मला नाही पटलं. ही कल्पना रुजली ती प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या अभ्यासातून, आणि ते लांडगे कोंडलेले होते. रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९मध्ये मांडलं. आमच्या सोलापुरात नान्नजच्या माळावर लांडगे आहेत. तिथल्या मेंढपाळांना कादंबरीतल्यासारखं पौर्णिमेचं काय कौतुक, मेंढरू गेलं की शिव्याच! बाकी कादंबरी मी रात्र जागून संपवली हं. नशिबाने जोडीदार ठरतो ते गोड वाटतं, पण नायिकेला विचारायचं कुणालाच सुचत नाही, तिथे मात्र जाम चिडले.